रोप कोणत्या बियांचे, हे आधी विचारावे

महोदय,

वृक्षारोपणाच्या मोहिमांचे यश लावलेल्या रोपांच्या आकड्यावरून ठरवले जाते. परंतु निसर्गाचा मूळ अधिवास पुन्हा उभा करायचा असेल, तर रोपे किती यापेक्षा ती कुठल्या बियांपासून तयार झाली, हे अधिक महत्त्वाचे आहे. त्या-त्या ठिकाणच्या पावसाशी, मातीशी आणि थंडीशी पिढ्यान्पिढ्या जुळवून घेतलेली झाडे ठरावीक काळात पालवतात आणि फुलतात, त्यांच्यावर जगणाऱ्या कीटकांचे व पक्ष्यांचे जीवनचक्रही त्याच काळाला बांधलेले असते. दुरून आणलेले रोप जातीने तेच असले, तरी हा मेळ जमेलच असे नाही. शिवाय रोपांबरोबर रोगही येतात. ॲश वृक्षांचा बळी घेणारी बुरशी ब्रिटनमध्ये २०१२ साली प्रथम निदर्शनास आली, ती परदेशातून आणलेल्या रोपांवरच.

बी गोळा करणे हे मात्र चिकाटीचे काम आहे. एकाच झाडाखालचे बी पोत्यात भरले, तर उभे राहणारे सारे रान एकाच कुळातले होते आणि पहिल्याच रोगाला बळी पडू शकते. म्हणून दूरदूरच्या अनेक झाडांचे थोडे थोडे बी घ्यावे लागते आणि पाखरांसाठी पुरेसे मागे ठेवावे लागते. कोणते फळ केव्हा पिकते, हे तिथे राहणाऱ्या माणसांइतके कोणाला ठाऊक असणार? केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये सुरू केलेल्या ग्रीन बेल्ट चळवळीत ग्रामीण महिलांनी परिसरातील बियांपासून स्वतः रोपवाटिका उभारल्या, आणि त्यांना मोबदला मिळाला तो जगलेल्या रोपांसाठी.

हवामान बदलत असल्याने काही प्रमाणात अधिक उष्ण भागातील बी मिसळावे, असे काही अभ्यासक सुचवतात. ते विचारपूर्वक आणि नोंद ठेवून व्हावे. रोपवाटिकेत जे शिल्लक असेल ते लावणे म्हणजे तो विचार नव्हे. गवताळ माळरान असेल तेथे तर झाडे लावूच नयेत, कारण तेथील जमिनीवर घरटी करणारे पक्षी आणि उन्हात वाढणारी गवते सावलीने नाहीशी होतात.

आयोजकांनी रोपांची मागणी एक-दोन वर्षे आधी नोंदवावी, म्हणजे रोपवाटिकांना स्थानिक बी जमवायला अवधी मिळेल. आपल्या वृत्तपत्रानेही अशा मोहिमांच्या बातम्यांत बियांचे मूळ ठिकाण आणि तिसऱ्या वर्षी जगलेल्या रोपांची संख्या आवर्जून द्यावी, ही विनंती.

— एक वाचक