लेकीच्या बाळंतपणाला ब्रिटनला जाणाऱ्यांसाठी

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी महाराष्ट्रातून दरवर्षी अनेक आई-वडील ब्रिटनला जातात. व्हिसा, विमा, डिंकाचे लाडू यांची तयारी चोख असते, पण बाळंतपणानंतरच्या नैराश्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढत नाही. तिथल्या दक्षिण आशियाई आयांच्या गटोपचाराशी, म्हणजे आठ-दहा जणींनी एकत्र बसून बोलत घ्यायच्या उपचाराशी, आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून हे पत्र.

बाळ झाल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेक बायकांना उगाच रडू येते आणि दोन आठवड्यांत ते ओसरते. त्यापुढेही टिकले, झोप उडाली, बाळाकडे बघूनही काही वाटेनासे झाले, तर ते नैराश्य असू शकते. अडचण अशी की आपल्या बायका ते असे सांगतच नाहीत. डोके जड झालेय, अंग मोडून आलेय, दूध पुरत नाही, अशा तक्रारी डॉक्टरांच्या कानी जातात आणि हाती लोहाच्या गोळ्या पडतात.

आपल्या समाजाला जुळेल असा उपचार दिला तर उपयोग होतो का, हे ‘रोशनी-२’ या चाचणीत तपासले गेले. मँचेस्टर विद्यापीठाचे प्रा. नुसरत हुसेन यांच्या नेतृत्वाखालील ही चाचणी २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी अशा वंशांच्या ७३२ आयांचे दोन गट केले. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्यासोबत चार महिन्यांत बारा गटबैठका. चार महिन्यांनंतर गटबैठका मिळालेल्यांपैकी ४९ टक्के स्त्रिया नैराश्यातून बाहेर आल्या होत्या, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३७ टक्के. वर्षअखेरीस मात्र हा फरक ठळक उरला नाही. तरीही बाळाच्या पहिल्या वर्षात आई काही महिने आधी सावरली, तर ते महिने त्या दोघांच्याही वाट्याला येतात. बारा बैठका संपल्या की गट एकदम बंद करू नये, महिन्याला एक तरी बैठक पुढे चालावी, हे आमचे ठाम मत आहे.

असे गट चालवताना भाषा ही तुलनेने सोपी बाब. गट फसतो तो इतर कारणांनी. सकाळी नऊची बैठक ठेवली तर मोठ्या मुलाला शाळेत सोडणारी आई येऊच शकत नाही, म्हणून दहा ते साडेअकरा ही वेळ बरी. बस बदलून, बाबागाडी चढवून, पावसात कुणी येत नाही, त्यामुळे टॅक्सीचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा लागतो. बाळांना सांभाळणारी बाई हवी, पण शेजारच्या खोलीत नको. रडण्याचा आवाज आला की आईचे लक्ष तिकडे आणि बैठकीतून ती मनाने गेलीच. सहा महिन्यांखालची बाळे मांडीवरच राहू द्यावीत. आठ-दहा जणींची नावे घेतली तर पाच-सहा नेमाने येतात. गैरहजर राहिलेलीला त्याच दिवशी फोन गेला नाही, तर ती बहुधा परत येत नाही. निरोपात ‘नैराश्य’ शब्द असला आणि फोन घरात दुसऱ्याने उघडला, तरी तेच होते.

बैठकीतही पुस्तकी रीत चालत नाही. विचारांची रोजची वही भरा म्हटले, तर ती सासूच्या हाती पडेल ही भीती असते; त्याऐवजी कॅलेंडरवर खूण करणे पुरते. ‘नाही म्हणायला शिका’ हा सल्ला एकत्र घरात भांडण लावतो. म्हणून गटात नेमके वाक्य तोंडात बसवून घ्यावे लागते: “आई, रात्रीचं दोनचं दूध तुम्ही पाजाल का? मला सलग चार तास झोप मिळेल.” एखादी म्हणते, बाळ गप्प राहत नाही, मी आई व्हायच्या लायकीचीच नाही. तिला खोडून काढू नये. “तुझ्या बहिणीने हेच म्हटलं असतं, तर तू तिला काय सांगितलं असतंस?” असे विचारावे आणि ती बोलेपर्यंत थांबावे. हे थांबणेच नव्या गटचालिकांना सर्वांत जड जाते.

घरच्यांना एका बैठकीला बोलावले तर फायदा होतो, पण त्याआधी त्या बाईला एकटीला गाठून, घरात मारहाण किंवा धाक आहे का, हे विचारलेच पाहिजे. गोव्यातील मातांच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आढळले. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणे यांचा त्याच्याशी संबंध दिसला. असे घर असेल तर नातेवाइकांना बोलावून तिचे हालच वाढतील.

आता जाणाऱ्या आज्यांसाठी. बाळ दहा ते चौदा दिवसांचे झाले की आरोग्यसेविका, म्हणजे हेल्थ व्हिजिटर, घरी येते. मुलीच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका, जावयालाही दुभाषा करू नका. दुभाषा मागता येतो. थोडा वेळ स्वयंपाकघरात जा. तपासणीत नैराश्य ओळखण्यासाठीची दहा प्रश्नांची, तीस गुणांची एडिंबरा प्रश्नावली असू शकते. तेरा किंवा जास्त गुण आल्यास पुढची तपासणी लागते. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ सोडून काहीही आले, तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी बोलायला हवे. ‘सांगितलं तर बाळ काढून घेतील’ ही भीती व्हिसावर आलेल्या मुलींमध्ये फार खोल असते. केवळ नैराश्य आहे म्हणून बाळ काढून घेत नाहीत, हे तिला स्पष्ट सांगा. इंग्लंडमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच समुपदेशनासाठी नाव नोंदवता येते. तुमचा सहा महिन्यांचा व्हिसा संपून तुम्ही परताल, तेव्हा ती पुन्हा खचू शकते. ती नोंदणी आधीच झालेली असू द्या.

मात्र बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मुलगी अजिबात झोपत नसेल, असंबद्ध बोलत असेल, तिला भास होत असतील, तर तो गटाचा विषय नाही. तिला तातडीने रुग्णालयात न्या. इंग्लंडमध्ये १११ वर फोन करून मानसिक आरोग्यासाठीचा दोन क्रमांकाचा पर्याय निवडा, जिवाला धोका वाटला तर ९९९. भारतात ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे.

ब्रिटनमधील महाराष्ट्र मंडळांना एकच मागणे. गणपती-दिवाळीला हॉल घेता, तसाच आठवड्यातून एक सकाळ या आयांसाठी घ्या, आणि गटचालिका त्याच मंडळातली नसेल असे पाहा. ओळखीच्या बाईसमोर आपल्या घरचे कुणी बोलत नाही.

आपल्या,
मातृ-मानसिक आरोग्याचे काम करणाऱ्या काही मराठी कार्यकर्त्या, लेस्टर