आवाहन : वाचनालयाच्या बंगल्याची पन्हळ आणि पश्चिमेची भिंत

सप्रेम नमस्कार.

१८२८ साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात महाबळेश्वरी इंग्रजांची वसाहत उभी राहू लागली आणि बंगल्यांची एक धाटणी ठरून गेली : जांभ्याच्या रुंद भिंती, उंच जोते, भोवती व्हरांडा, दिवाणखान्यात शेकोटी. आपल्या वाचनालयाचा बंगला त्याच धाटणीचा. तो आजवर उभा राहिला तो आपल्या माणसांच्या जिवावर. छपराचे पत्रे बदलले ते पेठेतील व्यापारी बंधूंनी. सागवानी कपाटे वाईच्या भगिनी मंडळाची. दरवर्षी पश्चिमेला पावसाच्या आडोशाला गवताच्या झड्या बांधून देणारे आपले शेजारी, आणि कैच्यांचे (छपर पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्यांचे) काम मजुरी न घेता करणारे आपले दिवंगत मिस्त्री, यांचे ऋण तर कधीच फिटणार नाही.

गेल्या वर्षीही आम्ही दुरुस्तीबद्दल कळवले होते. बोटांवर मोजण्याइतके जण आले. वाईट वाटले, पण आता थांबणे शक्य नाही.

छपराच्या दोन पाख्यांमधली (उतारांमधली) ३८ फुटी पन्हळ गंजून फुटली आहे. ते पाणी भिंतीत मुरून दोन कैच्यांच्या तुळयांची टोके हाताने भुगा व्हावी इतकी कुजली. त्यात पश्चिमेच्या भिंतीला मागे कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला. जांभा पाणी पितो आणि उन्हात सोडतो; सिमेंटने ती वाट बंद केली, म्हणून ओल आतच राहते आणि गिलाव्याचे पापुद्रे दगडाचा थर घेऊन सुटतात. हा गिलावा छिन्नीनेच हळू काढायचा, यंत्र लावले तर दगड फुटतो. मग चुन्याचा एक इंची गिलावा, दोन थरांत, एकास दोन वाळू, आणि दोन आठवडे ओले गोणपाट. कुजकी टोके कापून जुने मुरलेले सागवान बोल्टने जोडायचे आणि टोकाभोवती बोटभर फट हवेला ठेवायची. पन्हळ तांब्याची, खिळेही तांब्याचेच. लोखंडी खिळे तांब्याशेजारी आधी गंजतात.

लागणारे सामान : कळीचा चुना ८०० किलो, नदीची वाळू १ ब्रास, सागवान १५ घनफूट, तांब्याचा पत्रा ४५ किलो, जांभ्याचे चिरे १५० (इथे खाणकामाला बंदी, त्यामुळे कोकणातून आंबेनळी घाटाने आणावे लागतील). चुना किमान तीन आठवडे भिजला पाहिजे, म्हणून होळीच्या आत विरवायचा आहे. पन्हळ एप्रिलअखेर, गिलावा १५ मेपर्यंत. जूनच्या पावसात ओला चुना टिकत नाही.

एकूण खर्च ४ लाख ८० हजार, जमा १ लाख १० हजार. धनादेश वाचनालयाच्या नावे, रोख सायं. ५ ते ८ ग्रंथपालांकडे, पावती तिथेच. सोमवारी बंद. वस्तुरूपाने, विशेषतः जुने सागवान, चालेल. ट्रक असणाऱ्यांनी आधी कळवावे. श्रमदान रविवारी सकाळी ८ पासून. छिन्नी-हातोडा असल्यास सोबत आणावा.

आपला नम्र,
कार्यवाह