दुखत नाही म्हणून थांबू नकोस

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. उजवी गोळी, म्हणजे वृषण, सुजली आहे, पण दुखत नाही, म्हणून द्राक्षांची छाटणी उरकल्यावर बघू, असं लिहिलंस. दुखत नाही याचाच मला घोर लागलाय. वृषणाच्या कॅन्सरची गाठ बहुतेकदा दुखत नाही, आणि तुझं ३२ हे त्याच्याच वयात बसतं.

आज गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर उभ्यानेच तपास. अंगठा आणि दोन बोटांत गोळी हलकेच फिरव. निरोगी गोळी सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी गुळगुळीत लागते. तिच्या मागे दोरीसारखा मऊ पट्टा असतो, तो मुळातच तिथे असतो. त्याला गाठ समजू नकोस. आता बघ, गाठ गोळीच्या अंगातच आहे की तिच्यापासून वेगळी? वर-मागे सुटा, मण्यासारखा फुगा बहुधा साधा सिस्ट, म्हणजे पाण्याची छोटी पिशवी, निघतो. गोळीतच हरभऱ्याएवढा टणक खडा लागला, किंवा गोळी जड वाटली, तर एक दिवसही घालवू नकोस.

गांडुळांच्या गुंत्यासारख्या शिरा, म्हणजे व्हेरिकोसील, बहुतेक डावीकडे असतं आणि आडवं झालं की ओसरतं. तुझं उजवीकडे आहे. तशा शिरा लागल्या आणि पडूनही ओसरल्या नाहीत, तर पोटाचीही सोनोग्राफी करून घे, कधी मूळ किडनीत असतं. खोकल्यावर फुगणारी आणि जांघेतून उतरलेली सूज हर्नियाची.

अंधारात टॉर्च लावून लालसर उजेड आरपार दिसला, तर पाणी साठलंय, म्हणजे हायड्रोसील. पण तेवढ्यावर निश्चिंत होऊ नकोस. कॅन्सरमुळेही भोवती पाणी साठतं आणि आतली गाठ त्यात झाकली जाते. ती सोनोग्राफीतच दिसते.

संशय आला तर डॉक्टर रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच हे या कॅन्सरमध्ये वाढू शकणारे घटक तपासतील. हे आकडे नॉर्मल आले तरी कॅन्सर नाही असं ठरत नाही. एक मात्र पक्कं धर: अंडकोषाच्या कातडीतून सुई टोचून तुकडा काढू देऊ नकोस, त्याने रोग पसरायची वाट उघडते. गोळी काढायचीच झाली तर जांघेत छेद घेऊन काढतात. मूल हवं असेल तर त्याआधी वीर्य साठवण्याचं विचार. वेळेत सापडला तर हा कॅन्सर बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

धाकट्यालाही सांगून ठेव: अचानक असह्य कळ आणि उलटी आली तर गोळीला पीळ पडलेला असू शकतो. ६ तासांच्या आत ऑपरेशन झालं तर ती वाचण्याची आशा सगळ्यात जास्त.

वहिनींपासून लपवू नकोस. सोमवारी सकाळी नाशिकला ये, युरोलॉजिस्टकडे मी बरोबर येतो.

तुझा,
माधव