उन्हावरचा गारवा आणि कुणी न मागितलेली वही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत सौर ऊर्जेवर इमारती गार ठेवण्यासंबंधीचा लेख वाचला. देशोदेशींनी एकत्र येऊन हे तंत्रज्ञान पसरवावं, हे त्यातलं म्हणणं मला मान्य आहे. पण लेख वाचून सहकार्याचा अर्थ असा लागतो की करारावर सह्या झाल्या, यंत्रं आली, फीत कापली, झालं. माझी गाडी तिथेच अडली. अशा एका यंत्रावर मी सात वर्षं काम केलं आहे. संस्थेचं नाव घेत नाही, कारण दोष कुणा एकाचा नव्हता.

उन्हानं गारवा मिळतो हे ऐकून लोक अजूनही हसतात. वास्तविक 1878 साली पॅरिसच्या प्रदर्शनात ऑगस्तँ मूशो या फ्रेंच माणसानं उन्हाच्या उष्णतेवर बर्फ करून दाखवला होता. आमचं मशीन त्याच कुळातलं. बंद टाकीतली हवा काढून टाकली की पाणी पाच अंशांच्या आसपासही उकळतं आणि उकळताना भोवतालची उष्णता ओढून घेतं. निघालेली वाफ लिथियम ब्रोमाइडचं खारं द्रावण पिऊन टाकतं. मग गच्चीवरच्या, उन्हानं पाणी तापवणाऱ्या कलेक्टरमधून येणारं ऐंशी-नव्वद अंशांचं पाणी त्या द्रावणाला तापवून वाफ पुन्हा सोडवतं. याला म्हणतात ॲब्सॉर्प्शन चिलर. त्यात कॉम्प्रेसर नाही, तापमानवाढीला हातभार लावणारा गॅस नाही, गारवा देणारा पदार्थ म्हणजे साधं पाणी.

कागदावर हे इतकं सरळ आहे. आता प्रत्यक्षातली एक दुपार सांगतो. कडक ऊन, मशीन पूर्ण भारावर, आणि वीज गेली. चिलर उन्हावर चालतो हे खरं, पण त्याचे पंप विजेवरच चालतात. ते थांबले. एरवी मशीन बंद करताना द्रावण आधी पातळ करून घ्यायचं असतं, त्याला वेळच मिळाला नाही. दाट, गरम द्रावण हीट एक्स्चेंजरच्या, म्हणजे उष्णतेची अदलाबदल करणाऱ्या भागाच्या, नळ्यांत जागच्या जागी निवलं आणि गोठलं. आमच्या भाषेत मशीन ‘क्रिस्टल’ झालं. वर गच्चीत कलेक्टर तापतच होते, सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफेचा फवारा उडत होता. खाली आम्ही दोघं जण एक्स्चेंजरवर बाहेरून गरम पाणी सोडत, हातानं चाचपत बसलो होतो, कुठून सुटतंय ते बघत. सुटायला दुसरा दिवस उजाडला.

यंत्राच्या जाडजूड पुस्तकात या प्रसंगावर अर्धं पान होतं. ज्या देशात ते लिहिलं गेलं तिथे वीज फारशी जात नसावी. बॅकअपवर फक्त द्रावणाचे आणि कलेक्टरचे पंप ठेवले असते तरी हे टळलं असतं. तो उपाय आम्हाला तीन वेळा क्रिस्टल झाल्यावर सुचला. दुसऱ्या एखाद्या उष्ण देशातल्या मशीनवाल्याला तो आधीच सुचला असेल, पण आमची त्याची गाठ घालून देणारं कुणी नव्हतं.

माझ्या मते सीमेपलीकडचं सहकार्य हवं ते इथे. त्याचा एक चांगला नमुना आहेही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेचा सौर तापन व शीतकरण कार्यक्रम 1977 पासून चालू आहे. त्यातल्या 38 क्रमांकाच्या कामात, 2006 ते 2010 या काळात, निरनिराळ्या देशांतल्या मंडळींनी चालू यंत्रणांवर मीटर लावून मोजमाप केलं. बऱ्याच ठिकाणी पंप आणि पंखेच इतकी वीज खात होते की बचत नावापुरती उरली होती. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही, उलट पुढचं काम गुणवत्तेवर घेतलं. उन्हाच्या पट्ट्यातल्या देशांकडे खास लक्ष द्यायला मात्र 2020 उजाडलं. 2014 च्या सुमारास जगभर अशा यंत्रणा जेमतेम बाराशे होत्या आणि त्यांतल्या बहुतेक युरोपात! ऊन एकीकडे आणि यंत्रं दुसरीकडे.

पाण्याचा मुद्दा तर लेखात आलाच नाही. विजेच्या कॉम्प्रेसरवरचा साधा चिलर एक भाग गारवा देताना साधारण सव्वा भाग उष्णता बाहेर टाकतो. आमच्यासारखं मशीन जवळपास अडीच भाग टाकतं, कारण खोलीतली उष्णता आणि उन्हाची उष्णता अशा दोन्ही कूलिंग टॉवरवरच, म्हणजे पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकणाऱ्या मनोऱ्यावरच, येतात. म्हणजे टॉवरचं पाणी दुप्पट. दमट, पावसाळी प्रदेशात तयार झालेला आराखडा कोरड्या प्रदेशात तसाच नेऊन ठेवला, तर वीज वाचवून पाणी घालवायची वेळ येते.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, भले ती माझ्या लाडक्या मशीनच्या विरोधात जाईना. सौर पॅनल इतके स्वस्त झाले आहेत की घराला किंवा छोट्या कचेरीला पॅनल आणि साधा एसी हेच बरं. उष्णतेवरचं मशीन शोभतं ते जिथे गरम पाणीही भरपूर लागतं तिथे, म्हणजे इस्पितळ, वसतिगृह, मोठी शाळा. सिंगापूरमधल्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत 2011 साली ऑस्ट्रियाच्या कंपनीनं जवळपास 3,900 चौरस मीटर कलेक्टरवर अशी यंत्रणा उभी केली. मला त्यातली व्यवहाराची रीत आवडली. शाळेच्या गळ्यात मशीन न बांधता कंपनीनं गारवा विकला. मशीन बंद पडलं तर नुकसान विकणाऱ्याचं. फीत कापून परत जायची सोयच नाही.

पॅनल असो की कलेक्टर, संध्याकाळचं काय, हा प्रश्न दोघांनाही आहे. ऊन दुपारी ऐन भरात असतं, भिंती मात्र संध्याकाळपर्यंत तापलेल्या असतात. त्यावर बॅटरीच हवी असं नाही. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता घेतो. तेवढंच पाणी आठ अंशांनी तापताना जेवढी उष्णता घेतं, त्याच्या ही दहापट झाली. पॅनलच्या विजेवर दुपारी बर्फ करून टाकीत ठेवा, संध्याकाळी वापरा. हे काम कुठल्याही मेकॅनिकला जमण्यासारखं आहे.

2023 च्या डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत अनेक देशांनी शीतकरणाचं उत्सर्जन 2022 च्या तुलनेत 2050 पर्यंत 68 टक्क्यांनी कमी करण्याची शपथ घेतली. आंतरराष्ट्रीय सौर आघाडीही 2015 पासून आहे. व्यासपीठं पुरेशी झाली. आता प्रत्येक करारात तीन कलमं घालावीत: मशीन चालवणाऱ्यांनी (साहेबांनी नव्हे) दुसऱ्या देशातल्या चालू यंत्रणेवर एक अख्खा उन्हाळा काढावा, सुटे भाग जवळच्या दोन-तीन देशांनी मिळून एका ठिकाणी ठेवावेत, आणि बिघाडांची नोंद सगळ्यांना वाचता येईल अशी उघडी असावी. आमचा टाकीतली हवा काढणारा व्हॅक्यूम पंप एका सीलसाठी अकरा आठवडे थांबला होता. तेवढ्यात उन्हाळा संपला.

मी निवृत्त झालो तेव्हा सात वर्षांच्या नोंदींची वही माझ्या जागी आलेल्या मुलाला दिली. रोजची तापमानं, पंपांचे युनिट, मशीन कधी आणि का क्रिस्टल झालं, सगळं त्यात आहे. त्यानं ती झेरॉक्स काढून मूळ प्रत मला परत केली. मशीन देणाऱ्या देशाकडून दर वर्षी अहवालाचा फॉर्म यायचा, त्यात एकूण किती तास चालवलं एवढाच रकाना होता. वही कुणाला हवी असेल तर मी पाठवायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त चिलर ऑपरेटर