घरं बदलू द्या, चौक मोजून ठेवा

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: सीबीडी बेलापूर, सेक्टर ८ येथील आर्टिस्ट व्हिलेजमधील सामाईक चौकांबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

जुन्या वास्तू वाचवा म्हणणारी पत्रं आपल्या टेबलावर कमी येत नसणार. त्यातच या पत्राची भर पडू नये म्हणून आधीच सांगते की, आमच्या वसाहतीतलं एकही घर जसंच्या तसं राखा, अशी माझी मागणी नाही. मूळची बहुतेक घरं तशीही गेली. कौलं उतरली, स्लॅब टाकले गेले, दोन-दोन तीन-तीन मजले चढले. ते रीतसर परवानगीने व्हावं, एवढंच. मला बोलायचंय ते घरांच्या मधे राहिलेल्या मोकळ्या जागेबद्दल. या वसाहतीत जे काही मोलाचं आहे ते तिथे आहे आणि ते कोणाच्याच नावावर नसल्यासारखं झालं आहे.

थोडा इतिहास सांगणं भाग आहे. मुंबईच्या खाडीपलीकडे नवं शहर, म्हणजे आजची नवी मुंबई, वसवावं हा विचार १९६५ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी ‘मार्ग’ नियतकालिकातून मांडला. १९७० च्या मार्चमध्ये हे शहर उभारणारी सरकारी संस्था, सिडको, स्थापन झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन या शहरासाठी ठरली आणि सुरुवातीची काही वर्षं कोरियाच सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार होते. नकाशावर शहर झरझर उमटलं. जमिनीवर मात्र रखडत वाढलं. वाशीचा खाडीपूल १९७३ मध्ये झाला, पण वाशीला लोकल यायला १९९२ उजाडलं आणि बेलापूरला त्याच्याही नंतर. म्हणजे पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी १९८३ ते ८६ या काळात कोरियांनी आखलेलं आर्टिस्ट व्हिलेज उभं राहिलं, तेव्हा इथे राहायला येणारा माणूस बसच्या भरवशावर येत होता. अशा आडजागी लोकांनी यावं, राहावं, टिकावं, तर घराबरोबर शेजारही द्यायला हवा, हे कोरियांनी ओळखलं होतं असं मला वाटतं.

याच १९८३ मध्ये त्यांची मुंबईतल्या कंबाला हिलवरची ‘कांचनजंगा’ इमारत पूर्ण झाली. २८ मजले, ३२ आलिशान फ्लॅट. आणि त्याच टेबलावर बेलापूरचा नकाशा तयार होत होता: ५.४ हेक्टर, म्हणजे सव्वातेरा एकर जागा आणि सुमारे साडेपाचशे कुटुंबं. उंची जेमतेम दोन मजले. लिफ्ट नाही, सामाईक जिना नाही, प्रत्येकाला स्वतःची जमीन आणि डोक्यावर स्वतःचं आभाळ.

नकाशा समजून घ्यायला सर्वांत लहान चौकापासून सुरुवात करावी लागते. सात घरं एका चौकाभोवती. हा चौक साधारण आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. असे तीन चौक एकत्र आले की एकवीस घरं होतात आणि त्यांच्या मधे बारा बाय बारा मीटरची थोडी मोठी जागा येते. एकवीस घरांचे तीन गट एकमेकांत गुंतले की वीस बाय वीसचं मैदान. असं वाढत वाढत शाळा, दुकानं यांच्यापर्यंत पोचायचं. मधून एक ओढा जातो, तो पावसाळ्यात साचणारं पाणी वाहून नेतो. वरून बघितलं तर रस्ते वाकडेतिकडे दिसतात, कोणी आखलेच नसावेत असे. पण लहान पोर घरातून निघून मैदानापर्यंत जातं ते अनोळखी रस्ता न ओलांडता, एकातून दुसऱ्या मोठ्या अंगणात, आणि प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी ओळखीचं त्याला बघत असतं.

आता एक हिशेब बघा. आठ बाय आठ म्हणजे चौसष्ट चौरस मीटर. सात घरांत वाटले तर घरटी नऊ चौरस मीटर, म्हणजे जुन्या मापाने जवळपास दहा बाय दहाची एक खोली. प्रत्येक कुटुंबाला घराबाहेर एक जादा खोली मिळाली आहे, फक्त ती सात जणांनी एकत्र वापरायची आहे. आमच्या चौकात तिचा वापर सकाळी वाळवणाला होतो, मार्च-एप्रिलमध्ये पापड आणि सांडग्यांनी चादरी भरलेल्या असतात. दुपारी इस्त्रीवाला तिथेच कपड्यांची बोचकी सोडतो. संध्याकाळी पोरांचं बॉक्स क्रिकेट, ज्यात समोरच्या काकांच्या जाळीवर बॉल आदळला की आउट. नऊ चौरस मीटरमध्ये यातलं काहीही बसलं नसतं. आणि एक गाडी उभी करा: तिची स्वतःचीच जागा सात-आठ चौरस मीटर. म्हणजे एका घराची खोली गेली. सात घरांनी सात गाड्या लावल्या की चौक उरतच नाही. आमच्याकडे तेच चाललं आहे.

दुसरी एक गोष्ट नकाशात चटकन दिसत नाही, पण या रचनेचा कणा तीच आहे. इथल्या कोणत्याही दोन घरांची भिंत सामाईक नाही. भूखंड लहान, पंचेचाळीस चौरस मीटरपासून सत्तर-पंच्याहत्तरपर्यंत, पण प्रत्येक घर सुटं उभं. श्रीमंताचा आणि गरिबाचा भूखंड यांत फार फरक ठेवला नाही. मूळ घरांच्या किमती वीस हजारांपासून एक लाख ऐंशी हजारांपर्यंत होत्या, म्हणजे नऊपट अंतर. जमिनीत मात्र दुपटीचंही नाही. आज एक खोली आणि संडास बांधा, मुलीचं लग्न झालं, पगार वाढला, की वर चढवा. काम गावच्या गवंड्याला जमेल इतकं साधं. शेजाऱ्याची परवानगी लागू नये म्हणूनच भिंत वेगळी.

महोदय, आज गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास करायचा तर ५१ टक्के सभासदांची संमती गोळा करावी लागते, त्यात वर्षं जातात, कोर्टकचेऱ्या होतात, भाड्याच्या घरात म्हातारी माणसं जातात. आर्टिस्ट व्हिलेजमध्ये गेली चाळीस वर्षं पुनर्विकास सुरूच आहे. घराघरानं, ज्याच्या त्याच्या ऐपतीनं, बिल्डरशिवाय. कोणी बेघर झालं नाही, कोणी ट्रान्झिट कॅम्पात गेलं नाही. धोरण म्हणून याची दखल कोणी घेतल्याचं मला तरी दिसलं नाही.

वास्तुरचनेचे विद्यार्थी मात्र घोळक्यानं येतात. गळ्यात कॅमेरा, हातात वही. “मूळ घर कुठलं?” हा पहिला प्रश्न. मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर आणि लाकडी सज्जा त्यांना हवा असतो. ग्रॅनाइटचा जिना आणि स्टीलचं रेलिंग दिसलं की चेहरे पडतात. मला त्यांचं जरा हसू येतं. जे घर वाढावं म्हणून बांधलं, ते वाढलं याचं दुःख कसलं? शिवाय त्या कौलांखाली पावसाळे काढलेल्यांना विचारा. डोंगराच्या कुशीतला पाऊस, जून ते सप्टेंबर घरात बादल्या. स्लॅब टाकणाऱ्यांनी हौसेनं टाकला नाही. लिमा शहरातही असंच झालं. पेरूच्या सरकारनं तिथे ‘प्रेवी’ नावाची वसाहत उभारली, तिच्यासाठी देशोदेशीच्या वास्तुरचनाकारांनी घरं आखली, त्यांत कोरियाही होते. तिथल्या लोकांनीही वर मजले चढवले, खाली दुकानं काढली. इंदूरजवळ बाळकृष्ण दोशींनी आखलेलं ‘अरण्य’ याच पिढीचं. सरकारनं जमीन, पाणी, सांडपाणी आणि थोडंसं बांधकाम द्यायचं, पुढचं लोकांनी वाढवायचं. या सगळ्या ठिकाणी घरं ओळखू येत नाहीत, पण गल्ल्या आणि चौक ओळखू येतात.

इथे एक कडू गोष्ट मला टाळता येत नाही. आमच्या वसाहतीचे पाये खणले जात होते त्याच काळात, १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या, जमीन गेलेल्या भूमिपुत्रांच्या आंदोलनावर उरण तालुक्यात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. पुढे गावठाणांभोवती आगरी-कोळी कुटुंबांनी वाढत्या संसारासाठी जी घरं बांधली त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात आणि ती नियमित करण्याचे निर्णय सरकार वेळोवेळी काढत आलं आहे. आर्टिस्ट व्हिलेज आणि बेलापूर गाव यांच्यात फार अंतर नाही. एकीकडे कुटुंब वाढलं तसं घर वाढलं, तर जगभरच्या प्रदर्शनांत त्याचे नकाशे लागले. दुसरीकडे तेच झालं, तर अतिक्रमणाची नोटीस आली. मी ज्या जमिनीवर राहते ती कोणाची तरी भातशेती होती हे मला ठाऊक आहे, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटलं. वाढत्या घराला आधीच जागा ठेवायची पद्धत गावठाणांच्या विस्तारात आली असती तर किती नोटिसा वाचल्या असत्या.

आता धास्तीची गोष्ट. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या, मोडकळीस आलेल्या इमारती पाडून तिथे टॉवर येत आहेत. तिथल्या रहिवाशांच्या डोक्यावर स्लॅबचे तुकडे पडत होते, त्यांना ते हवंच होतं. माझी हरकत नाही. पण समूह विकासाची, म्हणजे अनेक भूखंड एकत्र करून बांधायच्या क्लस्टरची भाषा आता सगळीकडे सरसकट बोलली जाते, आणि आमच्यासारख्या सुट्या घरांच्या वसाहतीकडे बघून एखाद्याला वाटेल की एवढी जागा, एवढा एफएसआय (म्हणजे बांधायला मिळणारं क्षेत्र), आणि हे लोक दोन मजल्यांवर बसलेत! दोन-तीन भूखंड एकत्र करून मोठी इमारत काढू, असं विचारणारे एजंट इथे येऊन गेले आहेत. कोरियांचा मूळ हिशेब हेक्टरी सुमारे पाचशे माणसांचा होता, तोही मोकळ्या जागा आणि शाळा धरून. जमिनीलगत राहूनही एवढी माणसं बसतात, हेच तर त्यांना दाखवायचं होतं. भूखंड जोडले की सात घरांचा चौक राहत नाही, इमारतीच्या समोरची पार्किंगची जागा राहते.

सिडकोनं २०२४ मध्ये २६ हजार घरांची योजना जाहीर केली. ती घरं उंच इमारतींत आहेत, त्यांत वाढायला वाव नाही. पाच माणसांची सात झाली की त्यांनी काय करायचं ते त्यांनी बघायचं. सगळीकडे आर्टिस्ट व्हिलेज बांधा असं मी म्हणत नाही, जमिनीचे भाव मलाही कळतात. पण नवी मुंबईच्या पुढच्या एखाद्या नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, एखाद्या कोपऱ्यात, वाढणारी घरं पुन्हा करून बघायला हरकत काय?

आमच्यापुरतं मागणं मात्र अगदी छोटं आहे. मी माझ्या घराचे कागद घेऊन एका कार्यालयात गेले होते, दुरुस्तीच्या परवानगीसाठी. सहज विचारलं, समोरचा चौक कागदावर कोणाचा? रस्ता, बाग, की मोकळा भूखंड? खिडकीतल्या गृहस्थांनी नकाशा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, “बाई, तिथे कोणी बांधत नाही ना, मग झालं.” झालं नाही, महोदय. ज्याची नोंद नाही त्याच्यावर आधी कुंड्या येतात, मग पत्रा, मग गेट.

तेव्हा आपण सिडको आणि महापालिका या दोघांना एकत्र बसवून इथल्या प्रत्येक चौकाची मोजणी करून घ्या आणि तो सामाईक मोकळी जागा म्हणून नकाशावर आणि मिळकतीच्या कागदांवर चढवा. सातच्या, एकवीसच्या आणि त्याहून मोठ्या, सगळ्याच जागांची. भूखंड एकत्र करायला या वसाहतीत मनाई असावी आणि क्लस्टरच्या कोणत्याही आराखड्यात ती धरली जाऊ नये. स्वतःच्या भूखंडावर कोणी काय बांधायचं ते नियमात बसवून बांधू द्या, त्याला वास्तुवारशाच्या नावाखाली अडवू नका. गाड्यांसाठी वसाहतीच्या कडेला, मोठ्या रस्त्यालगत, एकत्र सोय काढता येईल. रहिवासी शे-दोनशे पावलं चालायला कुरकुरतील, मीही कुरकुरेन, पण चालेन. ओढ्याला काँक्रीटच्या पेटीत घालण्याचा मोह मात्र कोणालाही होऊ देऊ नका, डोंगरावरचं पाणी तो मुकाट्यानं नेतो आहे.

मोजणी मे महिन्याच्या आत व्हावी ही विनंती. त्यानंतर पावसाळी शेडा चढायला लागतात, आणि चढलेली प्रत्येक शेड ऑक्टोबरात उतरतेच असं नाही.

आपली,
आर्टिस्ट व्हिलेजमधील एक रहिवासी
सेक्टर ८, सीबीडी बेलापूर, नवी मुंबई