जुन्या मोटारीला हल्लीच्या मोटारीचे आकडे लावू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की मुंबईतल्या जुन्या मोटारींवरच्या ताडपत्र्या निघतात आणि बहुतेक मालक आधी व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतात. मी माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर. गिरगावातल्या एका कुटुंबाची 1967 ची एमजीबी स्पोर्ट्स कार माझ्या देखभालीत आहे. यंदा ती उपनगरातल्या एका संगणकीय केंद्रात नेली होती. रंगीत प्रिंटआउट मिळाला, पण गाडी डावीकडे झटकन वळायची आणि उजवीकडे वळताना मोठा वळसा घ्यायची.

यंत्राच्या यादीत ही गाडी नव्हती, म्हणून कामावरच्या मुलाने हल्लीच्या एका छोट्या मोटारीचे आकडे लावले. एमजीबीच्या पुढच्या चाकांना कंपनीनेच सुमारे एक अंश पॉझिटिव्ह कॅम्बर दिलेला असतो. चाकांची डोकी किंचित बाहेर झुकलेली असतात. पडद्यावर ते लाल दिसलं म्हणून तो दोष ठरत नाही. मूळ गाडीत कॅम्बर किंवा कॅस्टर (चाक ज्या खिळीवर वळतं तिचा मागे कललेला कोन) फिरवायची सोयही नाही.

फिरवता येतो तो फक्त टो-इन, म्हणजे दोन्ही चाकांची पुढची बाजू मागच्यापेक्षा किती आत आहे ते. 1/16 ते 3/32 इंच, म्हणजे साधारण दीड ते सव्वादोन मिलिमीटर. यंत्राला मात्र अंश लागतात. 14 इंची रिमवर 1/16 इंच म्हणजे दोन्ही चाकं मिळून जेमतेम पाव अंश. तोच पाव अंश प्रत्येक चाकाला दिला की टो-इन दुप्पट होतो आणि टायर बाहेरच्या कडेने झिजू लागतात. शिवाय इथे स्टिअरिंग सरळ दिसावं म्हणून एकाच बाजूचा टाय रॉड (स्टिअरिंगला चाकाशी जोडणारा दांडा) फिरवला होता. रॅक, म्हणजे स्टिअरिंगची दातेरी पट्टी, मध्यावर धरून दोन्ही रॉड सारखेच बसवायला हवेत. हे न केल्यामुळेच गाडीचा वळसा दोन्ही बाजूंना वेगळा पडत होता.

मी ते काम पुन्हा हाताने केलं. आधी किंगपिनचा (चाक वळतं त्या खिळीचा) आणि बुशचा खेळ, म्हणजे सैलपणा पाहिला, टायरमधली हवा तपासली. खिळखिळ्या जोडांवर घेतलेलं माप पहिल्या खड्ड्यातच बदलतं. मग सपाट फरशीवर दोन्ही रिमच्या पुढच्या कडेला, हबच्या उंचीवर खडूच्या खुणा केल्या, अंतर मोजलं, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलली आणि त्याच खुणा मागे आल्यावर पुन्हा मोजलं. दोन मापांतला फरक म्हणजे टो-इन. या गाडीला तारांची चाकं आहेत आणि ती थोडी डुलतातच. एकाच खुणेवर दोनदा मोजल्याने ते डुलणं मापात येत नाही. रॉड फिरवल्यावर गाडी थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा मोजावं लागतं. घाई इथेच नडते.

संगणकीय यंत्रावर माझा राग नाही. आकडे बरोबर दिले तर ते उत्तम काम करतं. केंद्रचालकांनी जुन्या गाडीच्या मालकाकडे वर्कशॉप मॅन्युअलचं पान मागावं, नसेल तर काम घेऊ नये. मालकांनीही प्रिंटआउटवर गाडीचं नाव कुठलं छापलंय ते वाचावं. आणि आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना खडू-टेपची ही पद्धत शिकायची असेल, तर रविवारी सकाळी दाखवायला मी आनंदाने येईन.

– एक निवृत्त फिटर, लालबाग, मुंबई