वंशावळीत नसलेल्या लेकी: वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,

विषय: डीएनएमधील अस्थिर पुनरावृत्ती आणि त्यांतून उद्भवणारे आजार यांवरील वैज्ञानिक परिषद कोकणात भरविण्याबाबत.

महोदय,

मी राजापूर तालुक्यातील एक माध्यमिक शिक्षक आहे. आमच्या घरी चहा बशीत ओतून प्यायची रीत आहे. सात वर्षांपूर्वी एका सकाळी माझ्या धाकट्या भावाच्या हातातली बशी खडखडू लागली आणि चहा त्याच्या लुंगीवर सांडला, तेव्हा आई काही न बोलता आत निघून गेली. आमच्या वडिलांचेही असेच सुरू झाले होते, पन्नाशीच्या आत. आजोबांचे साठीच्या सुमारास. भाऊ तेव्हा ३७ वर्षांचा होता. पुढे त्याची चाल झोकांड्या खाणारी झाली तशी वाडीत तो पितो अशी कुजबुज सुरू झाली. खरे तर त्याने कधी दारूला स्पर्श केलेला नाही. देवळात कौल लावून झाला, गाऱ्हाणे घालून झाले. एका खासगी प्रयोगशाळेतून महागडी जनुकीय तपासणीही करून झाली आणि तिचा अहवाल निर्दोष आला.

तो अहवाल खोटा नव्हता, पण ती तपासणी या आजारासाठी नव्हतीच. भावाला झालेल्या हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात चौथ्या गुणसूत्रावरील एका जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरे एकामागून एक गरजेपेक्षा जास्त वेळा येतात. साधारणपणे ती २६ किंवा त्याहून कमी वेळा असतात. ४० वा त्याहून अधिक झाली तर पुरेसे आयुष्य लाभलेल्या माणसाला हा आजार होतोच. डीएनएचे छोटे तुकडे वाचून ते जोडणाऱ्या नेहमीच्या तपासणीत ही लांबलेली माळ हाती लागेलच असे नाही, ती मुद्दाम मोजावी लागते. आमचे दीड वर्ष त्या निर्दोष अहवालावर विसंबण्यात गेले. मुंबईच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी माळ मोजायला पाठवली तेव्हा आकडा आला ४६.

ही माळ एका पिढीकडून दुसरीकडे जाताना, विशेषतः बापाकडून आली तर, वाढू शकते, म्हणून आजार पुढच्या पिढीला लवकर गाठतो. एवढेच नव्हे, तर ती एकाच माणसाच्या मेंदूतील काही पेशींतही आयुष्यभर वाढत राहते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाप्रमाणे ती सुमारे १५० च्या पुढे गेल्यावर मगच त्या पेशी कोलमडू लागतात. म्हणजे ही वाढ रोखता आली तर आजारही लांबवता येईल, आणि माळ लांबवण्यात हात असलेल्या, डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांवर जगभर चाललेले काम याच आशेवर उभे आहे. मायोटॉनिक डिस्ट्रॉफी, फ्रॅजाइल एक्स, फ्रीड्रिक अटॅक्सिया या वरवर निराळ्या भासणाऱ्या आजारांचे मूळही अशाच माळांत आहे, म्हणून या विषयाच्या परिषदेत मेंदूचा डॉक्टर, स्नायूंचा अभ्यासक आणि डीएनए दुरुस्तीचा रसायनतज्ज्ञ एकाच खोलीत बसतात.

अशी परिषद आपल्या विभागाने रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात भरवावी, ही माझी विनंती आहे. दोन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत, त्यामुळे यजमान शोधण्याची गरज नाही. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम मात्र नको. एक पूर्ण दिवस मराठीतून, कुटुंबांसाठी असावा आणि तो मे महिन्यात असावा, कारण तेव्हा चाकरमानी गावी असतात आणि सगळी भावंडे एकत्र भेटतात. (गणपतीतही भेटतात, पण त्या गर्दीत कोणा शास्त्रज्ञाला गाडीचे तिकीट मिळणार नाही.)

कोकणच का, असे आपण विचाराल. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या हा आजार असलेल्या मच्छीमार वस्त्यांत अमेरिकी संशोधक नॅन्सी वेक्स्लर यांच्या चमूने वर्षानुवर्षे वंशावळी लिहिल्या, रक्ताचे नमुने घेतले, आणि त्यातूनच १९८३ मध्ये हे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असल्याचा ठाव लागला व १९९३ मध्ये ते नेमके सापडले. आमच्याकडे वंशावळी आधीच लिहिलेल्या आहेत. सातबाऱ्यावर पंचवीस-तीस हिस्सेदारांची नावे असलेल्या प्रदेशात वारसनोंदीसाठी घरोघरी त्या जपून ठेवल्या जातात. डॉक्टरांनी मागितली तेव्हा मीही आमची पत्र्याच्या पेटीतून काढून नेली. त्यांनी ती पाहिली आणि विचारले, "यात मुली कुठे आहेत?" नऊ पिढ्यांत एकही लेक लिहिलेली नव्हती. हा आजार मुलगा-मुलगी पाहत नाही, आजार असलेल्या आई वा बापाच्या प्रत्येक अपत्याला तो येण्याची शक्यता निम्मी असते. लग्न होऊन लांजा, देवगड, मालवणला गेलेल्या आमच्या आत्या आणि त्यांची लेकरे कुठल्याच कागदावर नाहीत.

माराकाइबोचा दुसरा धडाही लक्षात ठेवावा. ज्यांच्या रक्तातून हे जनुक सापडले, त्या वस्त्या गरीबच राहिल्या. म्हणून इथे नमुने घ्यायचे असतील तर त्याआधी दोन्ही महाविद्यालयांत आनुवंशिक समुपदेशकाचे कायम पद निर्माण व्हावे, माळ मोजण्यासाठी नमुना जिल्ह्यातूनच पाठवण्याची सोय व्हावी, आणि ज्याला आपला आकडा जाणून घ्यायचा नाही त्याच्यावर कोणीही दबाव आणू नये. मी स्वतः ही तपासणी केलेली नाही. का केली नाही, हे सांगण्याचे बंधन माझ्यावर नसावे, तसेच माझ्या १९ वर्षांच्या पुतणीवरही नसावे. लग्नाच्या बोलणीत हा आकडा विचारला जाऊ लागला तर गावातले एकही घर तपासणीला पुढे येणार नाही, हे आपल्या अधिकाऱ्यांना मुंबईत बसून कदाचित जाणवणार नाही.

गेल्या दोन मे महिन्यांत नातेवाइकांकडे फिरून मी वंशावळीत लेकींची नावे पेन्सिलीने भरली आहेत. परिषद ठरली तर जिवंत माणसांची नावे झाकून ती प्रत मी स्वतः घेऊन येईन.

कळावे,

आपला विश्वासू,
राजापूर तालुक्यातील एक शिक्षक